गच्चीवरून गच्चीवर लेझर लिंक: कोल्हापूरच्या हवेत काय जमतं, काय नाही

शिरोली एमआयडीसीत हायवेच्या अलीकडं फाउंड्री आणि पलीकडं मशिनशॉप. किंवा राजारामपुरीच्या एका गल्लीत हॉस्पिटल आणि तीन गल्ल्या सोडून त्याचंच स्कॅन सेंटर. अंतर चारशे-पाचशे मीटर, एका गच्चीवर उभं राहिलं की दुसरी गच्ची दिसते. तरीही मधे फायबर टाकायचं म्हटलं की खोदाईची परवानगी, रस्ता पूर्ववत करायचा खर्च आणि पुढं कधीतरी ड्रेनेजच्या कामात जेसीबीनं तोडलेली केबल. अशा ठिकाणी लेझर लिंकचा विचार जरूर करावा. दोन गच्च्यांवर समोरासमोर दोन युनिट, मधे फक्त हवा. मॉडेलप्रमाणं १ किंवा १० गिगाबिटचा वेग, तोही जाताना आणि येताना एकाच वेळी पूर्ण. ५०० मीटरचा प्रवास प्रकाश दोन मायक्रोसेकंदांच्या आत उरकतो.

चौकशी करणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पावसात चालतंय काय ओ?" जुलैची झड बघणाऱ्याला तो पडणारच. उत्तर असं की अंतर आटोक्यात असेल तर पावसात चालतं. लिंक पडते ती धुक्यात.

कारण थेंबाच्या आकारात आहे. पावसाचा थेंब मिलिमीटरभर असतो आणि थेंबाथेंबांत मोकळी जागा भरपूर असते. धुक्याचा कण काही मायक्रॉनचा, म्हणजे लेझरच्या तरंगलांबीच्या जवळपासचा, आणि असे कण हवेत खच्चून भरलेले. ते प्रकाश चहूकडं विखरून टाकतात. आकड्यांत सांगायचं तर (डेसिबल हे प्रकाश किती घटला ते सांगणारं माप, दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो) स्वच्छ हवेत किलोमीटरमागं अर्धा डेसिबलही जात नाही. तासाला २५ मिलिमीटर पडणाऱ्या पावसात साधारण ९ डेसिबल जातात, तर १०० मिलिमीटरच्या ढगफुटीसारख्या पावसात २३-२४. धुक्याचा हिशेब दृश्यमानतेवरून करतात: १७ ला किलोमीटरमधल्या दृश्यमानतेनं भागायचं. पाचशे मीटरवरचं दिसत असेल तर किलोमीटरमागं ३४ डेसिबल, दोनशे मीटरवरचंच दिसत असेल तर ८५, आणि पन्नास मीटरवरचं झाड पुसट झालं असेल तर ३४० डेसिबल. त्या धुक्यातून लेझर किलोमीटरभर नेणारं युनिट नाही.

विक्रेता १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचं युनिट धुक्यात ८५० पेक्षा बरं चालतं असं सांगेल. विरळ धुरकट हवेत ते थोडंफार खरं आहे. दृश्यमानता पाचशे मीटरच्या खाली गेली की दोन्ही जवळजवळ सारखीच मार खातात. १५५० घ्यायचं खरं कारण डोळ्यांची सुरक्षितता हे आहे. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्याला जास्त शक्ती वापरायची मुभा मिळते.

आता अंतर. इथं माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः गणित मांडा. समजा युनिटची प्रक्षेपण शक्ती १३ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल, म्हणजे २० मिलिवॅट) आणि ग्राहकाची, म्हणजे समोरच्या युनिटमधल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाची, संवेदनशीलता उणे ३० डीबीएम आहे. हातात ४३ डेसिबल आले. शलाकेचा, म्हणजे लेझरच्या झोताचा, पसारा २ मिलिरेडियन (मीटरमागं २ मिलिमीटर) असेल तर ६०० मीटरवर तिचा गोल १.२ मीटर रुंद होतो, आणि समोरचं भिंग १५ सेंटिमीटरचं. बाकीचा प्रकाश वाया, म्हणजे १८ डेसिबल गेले. भिंगांतले ४ आणि नेम थोडा हुकल्याचे २ धरा. शिल्लक राहिले १९. ते ०.६ किलोमीटरवर वाटले की किलोमीटरमागं साधारण ३२ डेसिबल सहन होतात. म्हणजे तासाला दीडशे मिलिमीटरच्या पावसातही लिंक उभी राहते आणि दृश्यमानता साधारण अर्ध्या किलोमीटरच्या खाली गेल्यावरच पडते.

तेच युनिट दीड किलोमीटरवर लावा. गोल ३ मीटर झाला, पसाऱ्यातच २६ डेसिबल गेले, शिल्लक ११, आणि किलोमीटरमागं फक्त ७. आता तासाला १७-१८ मिलिमीटरचा पाऊसही लिंक पाडतो. असा पाऊस जून ते सप्टेंबर इथं नेहमीचाच. अंतर अडीचपट झालं, पण पाऊस सोसायची ताकद आठ-नऊ पटींनी घटली. उलट ३०० मीटरवर तीच लिंक दृश्यमानता दोनशे मीटरवर येईपर्यंत तग धरते. म्हणून कोल्हापुरात साध्या, आपोआप नेम न धरणाऱ्या युनिटसाठी ६०० मीटरपर्यंत निर्धास्त जावं, किलोमीटरपर्यंत विचार करून, आणि त्यापुढं जाऊच नये. पत्रकावर "४ किलोमीटर" छापलेलं असलं तरी ते स्वच्छ, कोरड्या हवेचं असतं.

मग टारासारख्या यंत्रणा वीस-वीस किलोमीटर कशा जातात? गूगलच्या मूळ कंपनीतून निघालेल्या या प्रकल्पानं काँगो नदीच्या दोन काठांवरची ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं जवळपास पाच किलोमीटरच्या लेझरनं जोडली आणि २० दिवसांत ७०० टेराबाइटच्या आसपास डेटा नेला. तिथं शलाका बारीक ठेवलेली असते आणि आतले आरसे सतत हलून ती समोरच्या भिंगावर धरून ठेवतात. प्रकाश वाया जात नाही, म्हणून पल्ला वाढतो. आंध्र प्रदेशच्या फायबरनेटनंही २०१७ मध्ये अशा दोन हजार लिंकसाठी याच कंपनीशी करार केला होता. ही मोबाइल कंपन्यांच्या पातळीवरची यंत्रं आहेत. हौसेनं हात घालायचा असेल तर दुसरं टोक बघा: झेक प्रजासत्ताकातला रोंजा हा खुला आराखडा. साध्या लाल एलईडीनं १० मेगाबिट १.४ किलोमीटर नेणारा. वेग आजच्या कामाचा नाही, पण भिंग, नेम आणि पसारा यांचं नातं समजून घ्यायला त्याच्याइतकी चांगली शाळा नाही. अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रोजेक्टला जरूर घ्यावा.

धुकं कुठं असतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंचगंगेच्या काठानं, कसबा बावडा ते शिरोलीच्या बाजूला, उसाच्या फडांवर ते जमिनीलगत बसतं आणि ऊन वर आलं की विरतं. त्याच दिवसांत गुऱ्हाळांचा आणि कारखान्यांचा धूरही खालच्या थंड हवेत अडकून राहतो. त्यामुळं नदी ओलांडणारी लिंक आणि राजारामपुरी-शाहूपुरीतली लिंक यांना एकच गणित लावू नका. जागा ठरवण्याआधी हिवाळ्यातल्या सकाळी सहा ते आठ गच्चीवर जाऊन बघा. समोरची गच्ची किती दिवस दिसत नाही याची नोंद हाच त्या लिंकचा खरा अंदाज.

जोतिबा किंवा पन्हाळ्याच्या उंचीचा मोह अनेकांना होतो, कारण तिथून सगळं शहर दिसतं. पण पावसाळ्यात ते डोंगर दिवसच्या दिवस ढगात असतात, आणि ढगात शिरलेल्या टोकाच्या दृष्टीनं ढग म्हणजे दाट धुकंच. तिथं रेडिओच लावावा.

परवान्याबद्दल थोडक्यात. स्पेक्ट्रमचे नियम ३००० गिगाहर्ट्झपर्यंतच्या रेडिओ लहरींना लागू होतात, आणि हा प्रकाश १,९३,००० गिगाहर्ट्झच्याही वर असतो. त्यामुळं लेझरला फ्रिक्वेन्सीचा परवाना लागत नाही आणि शेजाऱ्याच्या वायफायशी भांडणही नाही. मात्र त्या लिंकवरून दुसऱ्याला इंटरनेट विकायचं असेल तर आयएसपीचा परवाना लागतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, खांब. लेझर लिंक बंद पडल्या की दोष युनिटला दिला जातो, पण मूळ बहुतेक वेळा खांबात असतं. एक मिलिरेडियन म्हणजे मीटरमागं एक मिलिमीटर. मीटरभर उंचीचा पाइप शेंड्याला फक्त एक मिलिमीटर कलला तर ६०० मीटरवर शलाका ६० सेंटिमीटर सरकते, म्हणजे समोरचं भिंग थेट गोलाच्या कडेवर येतं. डोळ्यांना कलणं दिसतही नाही, सिग्नल मात्र गेलेला असतो.

हे कलणं वाऱ्यापेक्षा उन्हानं जास्त होतं. सकाळी पाइपच्या पूर्वेच्या अंगावर ऊन पडतं, पश्चिमेचं अंग गार असतं. चार इंची, दोन मीटर उंच लोखंडी पाइपच्या दोन अंगांत १० अंशांचा फरक पडला तर शेंडा अडीच मिलिरेडियनच्या आसपास वळतो. आपल्या शलाकेची अर्धी रुंदी एकच मिलिरेडियन आहे. म्हणजे रोज सकाळी नऊला लिंक पडणार आणि अकराला आपोआप परत येणार, आणि सगळे सॉफ्टवेअर तपासत बसणार. यावर उपाय साधे आहेत. पाइप जितका बुटका तितका चांगला, शक्यतो ६० सेंटिमीटरच्या आत. त्याला पांढरा रंग द्या, आत काँक्रीट भरा, आणि भोवती दोन इंच मोकळी जागा सोडून पत्र्याची नळी घाला म्हणजे ऊन पाइपवर पडतच नाही.

बसवायची जागा म्हणजे आरसीसी कॉलमचा माथा किंवा बीमच्या वरचा स्लॅब. विटांच्या कठड्यावर बसवू नका, तो उन्हा-पावसात हलतो. पत्र्याच्या शेडच्या अँगलवर तर नाहीच नाही. पाण्याच्या टाकीचं स्टँड मोटर सुरू झाली की थरथरतं, आणि टाकी भरली-रिकामी झाली की वजनानं बसतं-उठतं. लिफ्टच्या मशिनरूमची भिंतही टाळा. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडं ३०० बाय ३०० मिलिमीटरची, १० मिलिमीटर जाडीची बेसप्लेट, त्यावर जाड जीआय पाइप आणि चार बाजूंना त्रिकोणी गसेट असं दिवसात होतं. चार एम-१२ अँकर फास्टनर, स्लॅबमध्ये किमान ७५ मिलिमीटर खोल. वॉटरप्रूफिंगचा थर फोडून खालच्या पक्क्या काँक्रीटपर्यंत जा आणि नंतर भोक सीलंटनं बंद करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात घरमालक वर बोलावणारच.

शलाका गच्चीला किंवा पत्र्याला लगटून जाऊ देऊ नका, निदान दीड-दोन मीटर वरून न्या. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्यावरची हवा थरथरताना दिसते. तीच थरथर शलाकेला झोके देते, आणि दुपारी बारा ते चार बिट-एरर (डेटातल्या चुका) वाढतात. मधे नारळाचं झाड असेल तर त्याची पुढच्या तीन वर्षांची वाढ धरा. गणेशोत्सवातली उंच कमान आणि फ्लेक्सही धरा. पक्षी आडवा गेला तर क्षणभराचा खंड पडतो, तो टीसीपी (हरवलेला डेटा पुन्हा पाठवणारा प्रोटोकॉल) भरून काढतं. त्याची काळजी नको.

दिशा बघताना सूर्यही बघा. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर आहे. इथं सूर्य वर्षभरात होकायंत्राच्या ६५ ते ११५ अंशांमध्ये उगवतो आणि २४५ ते २९५ मध्ये मावळतो. लिंक या पट्ट्यात आणि जवळजवळ सपाट रेषेत असेल, तर वर्षातून दोनदा काही दिवस सूर्य समोरच्या युनिटच्या पाठीमागं येतो आणि काही मिनिटं आपल्या युनिटचा ग्राहक भाग आंधळा होतो. जागा बदलता येत असेल तर लिंक उत्तर-दक्षिण ठेवा. नसेल तर ती मिनिटं पर्यायी मार्गावर काढायची.

नेम धरताना दोन्ही टोकांना माणूस आणि फोन हवा. आधी नकाशावरून दिशेचे अंश काढा, समोरच्यानं आरशानं उन्हाचा कवडसा पाडला की दुर्बिणीतून टोक लगेच सापडतं. पण एक नियम कडक पाळा: लेझर सुरू असताना समोरच्या युनिटकडं दुर्बिणीनं बघायचं नाही. नुसत्या डोळ्यांना सुरक्षित असलेला १-एम वर्गाचा लेझर दुर्बिणीतून डोळा जाळू शकतो, आणि तो प्रकाश दिसत नसल्यानं डोळा मिटलाही जात नाही. ढोबळ नेम झाला की बारीक स्क्रूवर या. सिग्नल दिसला म्हणून तिथंच थांबू नका. डावीकडं सिग्नल जाईपर्यंत फिरवा, उजवीकडं जाईपर्यंत फिरवा, आटे मोजा आणि मध्यावर या. मग वर-खाली तसंच. मग समोरच्या टोकानं हेच सगळं करायचं. शेवटी बोल्ट आवळताना नेम हमखास सरकतो, म्हणून एकदम न आवळता समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव आटा, मीटरवर नजर ठेवून आवळा. हे काम सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी करा. भर दुपारी केलेला नेम संध्याकाळी उतरतो.

गच्ची मिळत नसेल तर युनिट खिडकीच्या आत बसवता येतं. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग ४ टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे एका काचेला ८ टक्के, ते चालतं. आरशासारखी चकाकणारी कोटिंगची काच असेल तर आधी मोजून बघा, ती फार खाते.

युनिटपासून खाली स्विचपर्यंत तांब्याची केबल न आणता फायबर आणा. वळवाच्या विजा गच्चीवरच्या लोखंडाला शोधतात आणि तांब्याच्या केबलमधून खालचा स्विच, सर्व्हर सगळं घेऊन जातात. पाइपला अर्थिंग द्या, पॉवरच्या तारेवर सर्ज प्रोटेक्टर लावा. २० वॅटचं युनिट आणि १० वॅटचा स्विच धरला तर १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरूनही वीसेक तास चालते. नदीकाठच्या भागात ही बॅटरी तळमजल्यावर ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका मानतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी पाण्यावरून जाणारी लेझर लिंक चालू राहू शकते, अट एवढीच की दोन्ही टोकांची वीज वरच्या मजल्यावर असावी.

लेझरसोबत रेडिओ हवाच, हे माझं ठाम मत आहे. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ पासून परवानामुक्त आहे आणि या लहरींना पाऊस-धुक्याचं काही वाटत नाही. फक्त रेडिओला मोकळी जागा जास्त लागते. ६०० मीटरच्या मध्यावर रेषेच्या सगळ्या बाजूंना पावणेतीन मीटर जागा मोकळी हवी, तर लेझर दोन इमारतींच्या फटीतूनही जातो. तुमची गरज दोन-तीनशे मेगाबिटच्या आत असेल तर मुळात फक्त रेडिओच घ्या, लेझरवर पैसे घालू नका.

दोन्ही असतील तर बदली कशी होते यावर सगळं अवलंबून. मधे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) असला तर शलाका तुटूनही स्विचचा पोर्ट चालूच दिसतो. मग मार्ग बदलणाऱ्या प्रोटोकॉलना ते उशिरा कळतं: स्विचमधल्या आरएसटीपीला सहा सेकंद लागतात आणि राउटरमधल्या ओएसपीएफला मूळ सेटिंगमध्ये चाळीस. म्हणून युनिटमधला लिंक-फॉल्ट-पास-थ्रू (शलाका तुटली की पोर्टही बंद करणारी सोय) चालू करा, किंवा ओएसपीएफवर १०० मिलिसेकंदांचा, तीन चुकांचा बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) लावा. परत येण्याची घाई मात्र करू नका. पहाटेच्या धुक्यात लेझर पाच-पाच सेकंदांनी येतो-जातो आणि प्रत्येक उडीला ईआरपीचं (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) सेशन तुटतं. लेझर सलग मिनिटभर स्थिर राहिल्यावरच वाहतूक परत द्या. रेडिओवर गेल्यावर ईआरपी, फोन आणि हजेरीचं मशिन आधी, सीसीटीव्ही नंतर, बॅकअप बंद, असा प्राधान्यक्रम आधीच लावून ठेवा.

बसवून झालं की स्वच्छ दिवसाचा सिग्नल लिहून ठेवा आणि एसएनएमपीनं (उपकरणाचे आकडे नेटवर्कवरून वाचायची पद्धत) दर मिनिटाचा आलेख काढा. बिघाड त्यातच वाचता येतो. रोज ठराविक वेळी उतरून चढत असेल तर खांब उन्हानं वळतोय. एकदम पायरीसारखा खाली आला तर ब्रॅकेट सरकलं किंवा कोणी धक्का दिला. आठवड्यांमागून हळूहळू उतरत असेल तर भिंग मळलं. स्वच्छ दुपारी ३ डेसिबल कमी म्हणजे निम्मा प्रकाश गेला, तेव्हा शिडी काढा.

गळीत हंगामात कारखान्यांची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तशीच भिंगावरही पडते, म्हणून नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला पुसावं लागतं. शिरोली-गोकुळ शिरगावला त्यात फाउंड्रीच्या वाळूची धूळ मिसळते. ती कोरड्या फडक्यानं पुसली की भिंगावर कायमचे चरे. आधी लेझर बंद करा, हातपंपाच्या ब्लोअरनं धूळ उडवा, डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, आणि मगच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडानं मध्यापासून कडेकडं हलक्या हातानं पुसा. काजळी तेलकट असते, ती नुसत्या पाण्यानं जात नाही.